रेफ्युजियम असूनही मुख्य टाकीत शेवाळ? कीटो का वाढत नाही, ते एकेक करून शोधा

रेफ्युजियम म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या (रीफ) टाकीखालच्या संपमधला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या खालच्या टाकीतला, दिव्याखाली शेवाळ वाढवायचा कप्पा; आणि कीटो (कीटोमॉर्फा) म्हणजे त्यात ठेवायचं दोऱ्यांच्या गुंत्यासारखं हिरवं समुद्री शेवाळ. खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसत असतील, तर दुखणं बहुधा तेच आहे जे मी वर्षानुवर्षं निरनिराळ्या रीफ टाक्यांमध्ये निस्तरत आलो आहे.

- कीटोचा गोळा आणला तेव्हा होता तेवढाच आहे, किंवा हळूहळू आक्रसतोय.
- वरून हिरवागार दिसतो, उलटा केला की खालून पिवळट-पांढरा आणि बुळबुळीत.
- कीटोच्या तंतूंवरच तपकिरी धूळ, लालसर चिकट थर किंवा मऊ केसाळ शेवाळ गुंतलेलं.
- नायट्रेट एका आकड्यावर अडून बसलंय आणि फॉस्फेट शून्य. किंवा नेमकं उलट.
- रेफ्युजियमची काच स्वच्छ, पण मुख्य टाकीची काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा हिरवी.
- संपमधलं पाणी वर मुख्य टाकीत ढकलणाऱ्या रिटर्न पंपाच्या जाळीत हिरवे तुकडे, पाण्याचा जोर कमी झालेला.
- पाण्याला पिवळसर झाक.
- रेफ्युजियममध्ये कॉलर्पा (भराभर पसरणारं दुसरं समुद्री शेवाळ) असेल तर, एखाद्या सकाळी पाणी अचानक दुधाळ-हिरवं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतायत.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर बाकीचं वाचत बसू नका, थेट दहाव्या तपासणीतल्या कॉलर्पाच्या भागावर जा. तिथे तासांचा हिशोब असतो.

तपासण्यांना हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेफ्युजियम पाणी गाळत नाही. तिथलं शेवाळ पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतं आणि त्यातून स्वतःचं अंग वाढवतं. ते अंग तुम्ही कापून टाकीबाहेर काढलं, तरच ती पोषकद्रव्यं टाकीतून गेली. नाही काढलं आणि ते कुजलं, तर सगळं पुन्हा पाण्यात. शिवाय मुख्य टाकीतल्या खडकांवरचं केसाळ शेवाळ त्याच अन्नावर जगतं. ज्याला उजेड आणि प्रवाह जास्त, तो जिंकतो. त्यामुळे "रेफ्युजियम काम करत नाही" असं ऐकलं की मी आधी एवढंच बघतो: खालच्या शेवाळाला वरच्यापेक्षा चांगली परिस्थिती मिळतेय का, आणि कापणी होतेय का.

आता तपासण्या. पहिल्या चारांना काहीच खर्च नाही. क्रम मोडू नका. दिवा बदलायची घाई बहुतेकांना असते आणि बहुतेकदा दिव्याची चूक नसते.

1. गोळा हातात घ्या

पंप बंद करा, हात धुवा, साबणाचा अंशही राहू देऊ नका आणि कीटोचा गोळा बाहेर काढा. निरोगी कीटो हाताला राठ लागतो, गुंतलेल्या नायलॉनच्या दोऱ्यासारखा. मुठीत दाबला की पाणी निथळतं आणि मूठ सोडली की तो पुन्हा फुलतो. एक तंतू दोन नखांत धरून ओढला तर ताणाला थोडा टिकतो आणि मग तुटतो. आजारी कीटो दाबला की तसाच चेपलेला राहतो, बोटांना चिकटतो, तंतू अर्धपारदर्शक दिसतात आणि ओढण्याआधीच सुटतात.

या एका मिनिटात बरंच कळतं. पूर्ण गोळा फिकट पण राठ असेल तर तो उपाशी आहे. वरचा भाग उत्तम आणि खालचा सडलेला असेल तर उजेड आत पोचत नाही, किंवा गोळा फिरत नाही. तंतू निरोगी पण गाळाने माखलेले असतील तर प्रवाह कमी आहे किंवा रेफ्युजियमच्या आधी गाळणी नाही. सगळाच मऊ पडला असेल आणि हे चार-पाच दिवसांत झालं असेल, तर पाण्यात काहीतरी गेलंय. ते सहाव्या तपासणीत बघू.

सडलेला भाग तिथेच तोडून फेका, दया दाखवू नका. तो सुधारत नाही. उरलेला चांगला भाग टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत खळबळून धुवा आणि परत ठेवा. बादलीच्या तळाशी किती गाळ बसला ते बघाच. त्यात उड्या मारणारे बारीक जीव दिसले तर ते कोपेपॉड आणि अँफिपॉड. वरचं पाणी आणि ते जीव परत टाकीत जाऊ द्या, खालचा गाळ फेका.

2. शेवटची कापणी कधी केली?

वाढ चांगली आहे पण नायट्रेट उतरत नाही, अशा टाक्यांमध्ये उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. गोळा इतका सुंदर वाढलेला असतो की कापवत नाही. पण रेफ्युजियम गच्च भरलं की आतल्या तंतूंना उजेड मिळत नाही, वाढ थांबते आणि आतून सडायला लागतं. म्हणजे वरून घेतलेलं खालून परत.

किती कापायचं याचा ढोबळ हिशोब असा. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण 45 टक्के प्रथिनं धरली, तर रोज 1 ग्रॅम खाद्य घातल्यावर आठवड्याला सुमारे अर्धा ग्रॅम नायट्रोजन टाकीत येतं. समुद्री शेवाळाच्या कोरड्या वजनात नायट्रोजन साधारण 2 ते 4 टक्के असतं, आणि पिळून काढलेल्या ओल्या शेवाळात कोरडा भाग दहाव्या हिश्शाच्या आसपास. 3 टक्के धरलं, तर अर्ध्या ग्रॅम नायट्रोजनसाठी पिळलेला कीटो निघायला हवा दीडशे ते दोनशे ग्रॅम, दर आठवड्याला. प्रत्यक्षात काही नायट्रोजन माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) आणि पाणीबदल घेऊन जातात, काही जिवाणू वायू करून सोडतात. त्यामुळे एवढा कीटो निघाला नाही तरी चालतं. पण महिन्याला लिंबाएवढा तुकडा निघत असेल आणि टाकीत आठ-दहा मासे असतील, तर ते रेफ्युजियम शोभेचं आहे हे मान्य करायला हवं.

दर एक-दोन आठवड्यांनी तिसरा हिस्सा काढा. एकदम अर्ध्याहून जास्त काढू नका, कारण तेवढी ओढ अचानक थांबली की त्या आठवड्यात मुख्य टाकीतलं शेवाळ संधी साधतं. आणि काढताना वाईट भाग काढा, चांगला ठेवा. ताजं दिसतं म्हणून वरचंच कापणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्याकडे सडका तळ वर्षभर तसाच राहतो.

कापलेला कीटो वाळवून कचऱ्यात टाका. गटारात, नदीत, समुद्रात चुकूनही नको. 1984 साली मोनॅकोजवळच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा लहानसा ठिगळाएवढा पट्टा सापडला. पुढे ते भूमध्य समुद्राच्या मोठ्या किनाऱ्यावर पसरलं. 2000 साली तेच कॅलिफोर्नियातल्या आगुआ हेडिओंडा या खाजणात मिळालं आणि ते काढायला काही वर्षं लागली. दोन्ही ठिकाणी संशय मत्स्यालयांवर होता.

3. दिवा: किती वेळ, किती उंचीवर, मध्ये काय

आधी टायमर बघा. वीज गेल्यावर मागे पडलेले टायमर मी फार वेळा पाहिले आहेत. मग रेफ्युजियमवरची काच किंवा झाकण बघा. मिठाचे थेंब वाळून त्यावर जो पांढरा पापुद्रा जमतो, तो उजेडाचा चांगलाच भाग खातो. दिव्याच्या भिंगावरही तोच थर असतो. ओल्या फडक्याने पुसा, पण दिव्याची वीज काढून, तो थंड झाल्यावर.

कीटोला रोज 12 ते 16 तास उजेड पुरतो. चोवीस तास चालू ठेवण्यात कीटोच्या बाबतीत काही फायदा नाही, फक्त काचेवरचं शेवाळ वाढतं. मुख्य टाकीचे दिवे विझतील तेव्हा रेफ्युजियमचा दिवा लागेल असं ठेवा. रात्री मुख्य टाकीतलं प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन मात्र सगळ्यांचं चालू असतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच घसरतो. उलट्या वेळेला उजेडात असलेलं शेवाळ तो कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे रात्रीची घसरण कमी होते. रेफ्युजियमच्या फायद्यांत मला हा सगळ्यात खात्रीचा वाटतो. नायट्रेट उतरेल न उतरेल, पीएचमधला फरक मीटरवर दिसतो.

गोळ्यावर एका बाजूनेच उजेड पडत असेल, तर रोज तो उलटा करून बघा. आठवड्याभरात फरक पडला तर रोग सापडला.

4. प्रवाह

"रेफ्युजियममधून पाणी संथ गेलं पाहिजे" हा सल्ला इतका पसरला आहे की लोक नळाचा कॉक अगदी थेंब-थेंबावर आणतात. शेवाळाला हे मानवत नाही. प्रत्येक तंतूभोवती पाण्याचा एक पातळ स्थिर पापुद्रा असतो. त्यातलं अन्न संपलं की तंतू उपाशी राहतो, मग भोवतालच्या पाण्यात नायट्रेट कितीही असो. प्रवाह तो पापुद्रा पातळ करतो. पाणी हलतं असेल तर गाळही तंतूंवर बसत नाही.

आदर्श स्थिती म्हणजे गोळा हळूहळू गडगडत राहतो, आणि प्रत्येक बाजू आळीपाळीने दिव्याखाली येते. त्यासाठी पाणी तळाशी, कोपऱ्यातून तिरकं सोडावं. जागा अरुंद असेल आणि गोळा फिरत नसेल, तर निदान त्याच्यातून पाणी आरपार जाईल असं बघा.

प्रवाह वाढवलात की तुटके तंतू सुटतात आणि रिटर्न पंपाकडे निघतात. तिथे जाळी किंवा फोमचा तुकडा हवा आणि तो दर आठवड्याला धुवायला हवा. जाळी तुंबली की रेफ्युजियमच्या कप्प्यातलं पाणी चढतं आणि संपाबाहेर सांडू शकतं. रेफ्युजियमच्या तोट्यांत हा मी वरच्या क्रमांकावर धरतो, कारण याने फरशी ओली होतेच, शिवाय पाणी विजेच्या जोडण्यांपर्यंत जातं.

5. नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही मोजा

इथून थोडा खर्च सुरू होतो. टेस्ट किटची मुदत आधी बघा, बाटलीवर लिहिलेली असते. किटमधली पावडर किंवा द्रावण सांगितल्याइतका वेळ हलवलं नाही तर नायट्रेट खोटं कमी दिसतं. पाण्यात नायट्राइट असेल तर ते खोटं जास्त दिसतं. काही डिजिटल मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग). तो आकडा 3.066 ने गुणा, मग हजाराने भागा, म्हणजे फॉस्फेट पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) मिळेल. मीटरवर 10 दिसलं तर फॉस्फेट सुमारे 0.03 पीपीएम आहे. हे न केल्यामुळे लोक फॉस्फेट तिप्पट कमी समजतात.

आता या आकड्यांचा अर्थ. अॅटकिन्सन आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी 1983 साली निरनिराळ्या समुद्री वनस्पतींचं आणि मोठ्या शेवाळांचं विश्लेषण एकत्र केलं, तेव्हा कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं मध्यवर्ती प्रमाण 550:30:1 आलं. प्लवकांसाठीचं रेडफिल्ड प्रमाण 106:16:1 आहे, म्हणजे मोठं शेवाळ फॉस्फरस बरंच काटकसरीने वापरतं. अणूंचा हिशोब टाकीच्या भाषेत आणला तर शेवाळ 1 पीपीएम फॉस्फेटमागे साधारण 20 पीपीएम नायट्रेट घेतं.

आता नायट्रेट 10 आणि फॉस्फेट 0.03 असलेली टाकी घ्या. जेमतेम 0.6 पीपीएम नायट्रेट वापरेपर्यंत फॉस्फेट संपलं. पुढे शेवाळ वाढू शकत नाही, आणि नायट्रेट 9 च्या वर अडून बसतं. खाद्यातून रोज थोडं फॉस्फेट येतं, तेवढ्यावर ते जगतं, पण वाढत नाही. तक्रार असते "नायट्रेट उतरत नाही", आणि मालक त्यावर फॉस्फेट शोषणारं माध्यम आणखी वाढवतो, म्हणजे बरोबर उलटा उपाय. उपाय हा, की ते माध्यम काढा आणि खाद्य किंचित वाढवा.

उलट बाजूने, नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट 0.2 असेल तर शेवाळाला नायट्रोजन मिळत नाही. इथे शुद्ध सोडियम नायट्रेटचं द्रावण देता येतं. 100 लिटर पाण्यात नायट्रेट 1 पीपीएमने वाढवायला सुमारे 0.14 ग्रॅम सोडियम नायट्रेट लागतं. दिवसाला 1 पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नका आणि रोज मोजा. फॉस्फेट मग आपोआप खाली येतं, पण सावकाश, कारण जुन्या खडकांत मुरलेलं फॉस्फेट पाण्यातलं कमी होईल तसं बाहेर येत राहतं. काही आठवडे आकडा हललाच नाही तरी गोळा वाढत असेल तर काम चालू आहे. तराजूवर विश्वास ठेवा, कापलेल्या कीटोचं वजन लिहीत जा.

दोन्ही शून्य असतील तर ते यश नाही. प्रवाळ फिके पडतात, आणि रिकाम्या मैदानात डायनोफ्लॅजेलेट शिरतात: वाळूवर आणि खडकांवर तपकिरी लाळेसारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी, दुपारी जास्त. अशा वेळी रेफ्युजियमचा दिवा कमी तास लावा, खाद्य वाढवा. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 या पट्ट्यात बहुतेक मिश्र रीफ टाक्या समाधानी असतात.

6. त्याच ताटात आणखी कोण जेवतंय?

रेफ्युजियम, मोठा स्किमर, फॉस्फेट शोषणारं लोहयुक्त माध्यम आणि कार्बन डोसिंग, हे सगळं एका टाकीवर लावलेलं दिसतं. व्हिनेगर किंवा व्होडकाच्या डोसवर वाढणारे जिवाणू शेवाळापेक्षा वेगाने नायट्रेट उचलतात. कीटो हरतो, कुजतो, आणि खापर रेफ्युजियमवर फुटतं. एकच निवडा. रेफ्युजियम ठेवायचं असेल तर कार्बन डोस दोन-तीन आठवड्यांत उतरवत बंद करा, एकदम नको.

आणि आठवून बघा: मुख्य टाकीतलं शेवाळ मारण्यासाठी गेल्या महिन्यात कुठली बाटली ओतली का? केसाळ शेवाळ मारणारं औषध कीटोला ओळखत नाही. तो मऊ पडून चार-पाच दिवसांत विरघळला असेल तर संशय इथे. तांब्याचं औषध गेलं असेल तर शेवाळाबरोबर कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळही धोक्यात. दोन्ही बाबतींत मेलेलं शेवाळ लगेच काढा, ताजा सक्रिय कोळसा लावा, पाणी बदला आणि नवा कीटो किमान महिनाभर आणू नका.

7. खारटपणा, तापमान, येणारं पाणी

हे पटकन उरकतं. विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, तापमान 25-26 अंश. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, साध्या शुद्ध पाण्याने जुळवलेला वरच्या टोकाला चुकू शकतो. आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य नसेल तर रेझिन बदला. रेफ्युजियमच्या दिव्याची उष्णता उन्हाळ्यात संपाचं पाणी तापवते, तेही बघा.

8. लोह आणि बाकीची सूक्ष्म द्रव्यं

नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही आहेत, उजेड-प्रवाह ठीक आहे, गोळा राठ आहे, तरी नवी टोकं पिवळट पोपटी येतायत. आता लोहाकडे या. मोठं शेवाळ लोह आणि मँगनीज भराभर उचलतं, स्किमर आणि कोळसाही काही नेतात. पाणीबदल कमी करणाऱ्या टाक्यांत हे हमखास दिसतं. रीफसाठीचं लोहाचं द्रावण बाटलीवरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरू करा. दोन आठवड्यांत रंग गडद झाला तर तीच मात्रा पुढे ठेवा. रंग बदलला नाही तर बंद करा, वाढवत नेऊ नका. जास्त लोहाने मुख्य टाकीतलं केसाळ शेवाळही तितकंच खूश होतं.

9. मोठा दिवा, मोठी जागा

इथपर्यंत सगळं तपासून झालं असेल तरच पैसे काढा. क्लोरोफिल निळा आणि लाल उजेड पकडतं, म्हणून 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि 660 च्या आसपासचा लाल असलेले रोपवाटिकेचे एलईडी दिवे कीटोला उत्तम. दुसऱ्या कामासाठी आणलेला मिणमिणता पांढरा दिवा मुख्य टाकीच्या तगड्या दिव्यांसमोर हरणारच. मात्र नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लावू नका, फिका पडलेला कीटो भाजतो. सहा तासांपासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवा. उजेड वाढला की भूकही वाढते, त्यामुळे पाचवी तपासणी पुन्हा करा.

10. जात बदलावी का? आणि कॉलर्पाचं काय?

कीटो कुठेच जमत नसेल तर ग्रॅसिलेरिया बघा. ते लाल शेवाळ आहे, त्यात हिरव्या उजेडाचा उपयोग करणारी रंगद्रव्यं असतात, कमी उजेडातही तग धरतं आणि सर्जन मासे ते आवडीने खातात. वाढ मात्र कीटोपेक्षा संथ. अल्वा, म्हणजे समुद्री लेट्युस, भराभर वाढतं पण तुकडे फार सुटतात.

कॉलर्पा वाढतं सगळ्यांत जोरात, आणि तोच त्याचा धोका. त्याचं अख्खं पसरलेलं अंग ही एकच महाकाय पेशी असते, मध्ये भिंती नाहीत. पुनरुत्पादनाची वेळ आली की पेशीतला सगळा ऐवज जननपेशींमध्ये बदलतो आणि पहाटे एकदम पाण्यात सुटतो. आदल्या दिवशी पानांवर फिकट जाळीदार नक्षी उमटते, हिरवा रंग ठिपक्याठिपक्यांत गोळा होतो. ती नक्षी दिसली की रात्र व्हायच्या आत ते सगळं काढा. सकाळी फक्त काचेसारखी रिकामी पानं उरतात आणि जे महिनोन्‌महिने साठवलं होतं ते पाण्यात आलेलं असतं.

तसं घडलंच तर क्रम असा: रेफ्युजियमचा प्रवाह बंद करता येत असेल तर करा. मुख्य टाकीत एअर पंप सोडा, स्किमर पूर्ण ताकदीवर आणा, कारण पहिला धोका ऑक्सिजन घटण्याचा आहे. रिकामी पानं काढा. ताजा कोळसा लावा. मग पाणी बदला, आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा.

चोवीस तास दिवा ठेवून हे टाळता येतं असं अनेक जण मानतात. मला तो भरवसा पुरेसा वाटत नाही, आणि एक दिवस वीज गेली की तोही संपतो. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी कॉलर्पा बाळगण्यावर बंदीच आहे. कीटो उपलब्ध असताना कॉलर्पा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

11. तळ उपसणं

रेफ्युजियममध्ये वाळूचा जाड थर असेल आणि वर्षानुवर्षं त्यावर गाळ साठला असेल, तर तो थरच पोषकद्रव्यं सोडत असतो. वरचा एखाद सेंटिमीटर गाळ सायफनने ओढून घेता येतो, तेवढं स्वतः करा. खाली काळा पट्टा दिसत असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड आहे. थर अजिबात ढवळू नका.

मग रेफ्युजियम ठेवावं का?

मासे भरपूर, खाद्य भरपूर, संपमध्ये जागा आणि दर आठवड्याला कापणीला अर्धा तास असेल तर निःसंकोच ठेवा. मँडरिनसारखा मासा पाळायचा असेल तर जवळजवळ आवश्यकच, कारण तो दिवसभर जिवंत कोपेपॉड टिपत असतो आणि कीटोच्या जाळीत ते निर्धास्त वाढतात. पीएचचा फायदा वर सांगितलाच. तोटे म्हणजे जागा, वीज, उष्णता, पंपात अडकणारे तुकडे, पाण्याचा पिवळेपणा, जो महिन्याला कोळसा बदलून जातो, आणि नव्या कीटोबरोबर येणारे एप्टेशिया (भराभर पसरणारी त्रासदायक छोटी समुद्रफुलं) किंवा बुडबुडा शेवाळ. नवा गोळा म्हणूनच वेगळ्या बादलीत दिव्याखाली दोन-तीन आठवडे ठेवून तपासावा.

दोनच मासे, थोडंसं खाद्य आणि नायट्रेट आधीच 2 पीपीएम असलेल्या टाकीत रेफ्युजियम प्रवाळांच्या तोंडचं काढून घेतं. तिथे कीटो वाढत नाही याची चिंताच करू नका, तो काढून टाका. कोपेपॉडसाठी खडकांचा एक अंधारा कप्पा पुरतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या किंवा झटका जाणवला, दिव्याच्या वायरवर मीठ चढलेलं दिसलं, किंवा संप सांडून पाणी प्लगपर्यंत गेलं, तर मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टाकीच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच भेटीत बसवून घ्या. पाण्यात अर्थिंगची सळई सोडणं हा त्याला पर्याय नाही. तारेवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचू नये म्हणून तार आधी प्लगच्या खाली वाकवून मग वर न्यायची, हेही त्यांना दाखवायला सांगा.

रेफ्युजियममधल्या जुन्या खडकांवर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (प्रवाळांसारखे मऊ, विषारी असू शकणारे जीव) चिकटले असतील तर ते खरवडू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, खडक उकळू तर मुळीच नका. त्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेतून, डोळ्यांतून किंवा जखमेतून शरीरात जाऊ शकतं. अशा कामानंतर तोंडात धातूची चव, ताप, छातीत आवळल्यासारखं किंवा श्वास लागणं यातलं काहीही झालं तर टाकी सोडा, ताबडतोब रुग्णालयात जा, आणि पॅलिटॉक्सिनचा संशय आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

काळा थर दहा सेंटिमीटरपेक्षा जाड असेल, डायनोफ्लॅजेलेट महिनाभर हटत नसतील, किंवा एका दिवसात दोनपेक्षा जास्त मासे गेले असतील, तर रीफ टाक्यांचा अनुभव असलेला तंत्रज्ञ किंवा जलचरांचा पशुवैद्य गाठा. डायनोफ्लॅजेलेटची जात सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावी लागते, कारण पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही दिवा चालतो आणि वाळूत राहणाऱ्यांवर फारसा चालत नाही. त्यांना बोलावण्याआधी महिन्याभराचे नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटीचे आकडे, दोन्ही दिव्यांच्या वेळा, रोजच्या खाद्याचं वजन आणि टाकीत ओतलेल्या प्रत्येक बाटलीचं नाव एका कागदावर लिहून ठेवा.